डाव्या मडगार्डवरची चार भोकं

माझगावात, डॉकयार्ड रोडच्या गल्लीत,
सत्तार मुकादम ओल्या पॉलिश पेपरनं गाडी घासतो,
तापातल्या माणसाचं अंग पुसावं तशी.
बादली, कागद, पुन्हा बादली.

छप्पनची डुक्कर फियाट.
पुढचे दरवाजे उलटे उघडणारे.
थांबली की आधी आईचं पाऊल दिसायचं, मग आई.
बावीस वर्षं माहीमच्या कंपाउंडात बदामाखाली उभी होती,
मांजरींच्या किती पिढ्या तिच्यात डोळे उघडून गेल्या.

वरचा राखाडी निघाला, त्याखाली क्रीम.
क्रीमवर शिरीष अडून बसलाय टोरांटोतून:
'मुलाच्या लग्नात क्रीमच हवी, अण्णांच्या वेळची.'
मी हो म्हटलं.
मुकादमनं चष्मा कपाळावर चढवला.
'बाय, हिच्या खाली काळा हाय. न् टपाला पिवळा.'

अण्णा सांगायचे, गाडी एका पारशी डॉक्टरची.
डॉक्टर फक्त रविवारी काढायचा, तीही बँडस्टँडपर्यंत.
आम्ही ते शाळेत सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं,
डॉक्टरला एक कुत्रासुद्धा जोडून दिला.

मुकादमचा अंगठा डाव्या मडगार्डवर अडला.
पुट्टी खरवडली तशी एक भोक निघालं, मग दुसरं,
मग चारही.
'हितं मीटर होता.'

रविवारी मार्व्याला निघताना
अण्णा आईच्या पुढून वाकायचे,
डाव्या खिडकीतून हात बाहेर काढायचे
आणि हवेत काहीतरी खाली फिरवायचे.
शिरीष मागून तोंडानं 'टिंग' करायचा.
टॅक्सीवाल्याची केवढी हुबेहूब नक्कल!
आम्ही हसून लोळायचो.
आई समोर रस्त्याकडे बघत राहायची.

ड्रायव्हरची सीट उसवली, तर काथ्यात
रुमालात गुंडाळलेला पितळी बिल्ला.
नंबर अजून वाचता येतो.

म्हणजे ही ती रात्रपाळी.
स्टीमर कंपनीतल्या हिशेबनिसाला कसली रात्रपाळी,
हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.
शिरीषचा पाय वाढत होता,
आणि वाढत्या पायाला दरवर्षी नवा कॅलिपर लागतो.
हाजीअलीच्या इस्पितळात त्याचं माप घेत असत
तेव्हा अण्णा बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेले,
आणि मी दोन बाकं सोडून बसायचे,
लोकांना वाटावं, आमचे कुणी नव्हेत.

मालकानं ती भंगारात काढली असणार.
जिच्यात रात्री जागवल्या तिला अण्णांनी घरी आणलं,
रंग दिला, डॉक्टरची केली.

रुमालाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं 'ग. वि.'
तो टाका मी ओळखते.
माझ्या सगळ्या परकरांना तोच होता.

कुर्ल्याहून बंपर आला, चोरबाजारातून हॉर्नची रिंग.
एका टोपीचं चाकाला जमलं नाही, ते तसंच राहिलं.
'भोकं बुजवू?' मुकादमनं विचारलं.
राहू देत.
'पाणी जाईल.'
जाऊ दे.
'गंज धरेल, बाय.'
मी काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी त्यानं कुठूनतरी चार रबरी बुचं आणली,
मापाची, काळी,
आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

शिरीषला क्रीम रंगाचा फोटो पाठवला. उजव्या बाजूनं.

आईला घेऊन निघाले एका संध्याकाळी.
शहाऐंशीची आई, डाव्या सीटवर, पर्स मांडीवर.
चाळीसच्या पुढे गेलं की दारं खडखडतात.
वरळीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही,
पुढे एकदाच म्हणाली, 'क्लचवरचा पाय काढ.
ते कधी ठेवत नसत.'

माहीमला गेटाशी थांबवली.
आधी पाऊल, मग आई.
दाराला धरून उभी राहिली, मडगार्डवरून हात फिरवला
एका बुचापर्यंत, तिथे थोडा थांबवला,
आणि पर्सची चेन उघडत मला विचारलं,
'किती झाले?'