बाकीचे

ग्रिम्सबीच्या शाळेत दहावीला मी
दर हिवाळ्यात तीच कादंबरी शिकवते.
बर्फात रुतलेलं जहाज, वर एकवीस माणसं,
पिठाचं शेवटचं पिंप.
प्रश्नही ठरलेला: कोणतं पात्र कशाचं प्रतीक?

मी फळ्यावर दोन रकाने आखते.
बोटं काळी पडली तरी रोजनिशी लिहिणारा कारकून, म्हणजे कायदा.
देवमाशांवर भाला फेकणारा रॉस्को, म्हणजे हिंसा.
ज्याचं कुणीच ऐकत नाही तो डॉक्टर, म्हणजे विवेक.
मुलं उतरवून घेतात,
सभ्यतेला हिरवा हायलायटर, रानटीपणाला गुलाबी.
गुलाबी आधी संपतो.

रानटी हा शब्द मी मनात मराठीतूनच म्हणते
आणि दर वेळी अडखळते.
आमच्या शिरोळकडं रानात जाणं म्हणजे कामाला जाणं.
आई रानात गेली की दिवेलागणीला
ओच्यात भुईमुगाच्या ओल्या शेंगा यायच्या.
या शब्दाला नखं कुणी लावली, कधी लावली,
इथं कुणाला विचारू?

आणि सभ्य, म्हणजे तर नुसतं
सभेत बसण्याजोगा.
सभेत काय चाललंय, त्याबद्दल शब्द गप्प.
आमच्याकडं 'भरसभेत' म्हटलं
की पुढचं वाक्य वाईटच असतं.

लॉर्ना हेमिंग्वेने हात वर केला नाही, तशीच बोलली.
'मिस, पान एकशे बारा. डॉक्टरला बर्फावर उतरवतात तिथे.
ढकलतो रॉस्को. कारकून वही मिटतो.
पण हे वाक्य बघा: बाकीचे जरा सरकले, वाट झाली.
बाकीचे कशाचं प्रतीक?'
मी म्हटलं, 'ते परीक्षेला येत नाही गं.'

गुरुवारी मधल्या सुट्टीत
मी शिक्षकांच्या खोलीत, खिडकीशी, चहा घेऊन.
गोदीकडून वारा, त्यात मासळीचा वास,
सायकलशेडच्या पत्र्यावर सीगल.
खाली एक रिंगण.
मधोमध डोमास,
ज्याची आई रात्रपाळीत कोळंबी सोलते,
ज्याला बघून सगळे नाक दाबतात.
त्याचा एक बूट हवेत, मग डबक्यात.
रिंगण इतकं गोल की कंपासने काढल्यासारखं.
टाय सगळ्यांचे सरळ.
आणि लाथ मारणारा तो,
ज्याचं अक्षर माझ्या वर्गात सगळ्यात सुंदर.

आज पाळी मिस्टर हार्कासलची होती.
शिवाय मागच्या वेळी मी ओरडले
तेव्हा माझ्या उच्चारांची नक्कल आठवडाभर फिरत होती.
शिवाय चहा गरम होता.
तो पिण्याइतका निवेपर्यंत मी थांबले.
एवढंच. फार नाही.
कपात अर्धा उरला होता तेव्हा निघाले, हे मला आठवतं.

मी खाली पोचले तर
बाकीचे जरा सरकले.
'सॉरी मिस', 'एक्स्क्यूज मी मिस',
किती अदबीनं
वाट झाली.

डोमास ओल्या मोज्यावर उभा होता.
मी विचारलं, लागलं का?
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही,
वर पाहिलं, माझ्या डोक्यावरून,
दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीकडे.
काठावर कप तसाच होता.

शुक्रवारी मी तक्त्यात एक ओळ वाढवली.
डावीकडे 'बाकीचे'.
उजवीकडे कोरं सोडलं, म्हटलं, घरून भरून आणा.
कुणी लिहिलं गर्दी, कुणी लिहिलं भीती,
सुंदर अक्षरात एकाने लिहिलं: लागू नाही.
लॉर्नाने काहीतरी पेन्सिलीने लिहून
इतकं घासून खोडलं होतं
की कागद भोकाशी आला होता.
उजेडासमोर धरून बघावं असं वाटलं.
धरलं नाही.

डोमासची वही आलीच नाही.
ती भिजलीय, असं त्याने
दाराशी उभं राहून, दोन्ही हात मागे बांधून,
अगदी सभ्यपणे सांगितलं.