यार्डला शब्द

बाप जहाजावर भंडारी. चौदा महिन्यांनी घरी आला
तेव्हा पेटीत आईला नायलॉनची साडी, मला चेंडू
आणि तळाशी, कांद्याचा वास लागलेलं,
युडोरा पॅस्कल नावाच्या बाईचं पुस्तक.
तिकडच्या कुठल्याशा बेटावर धोबिणीनं
धुतलेल्या सदऱ्याच्या घडीत घालून दिलं, म्हणाला.
पैसे घेतले नाहीत. घरी वाचणारी मुलगी आहे का,
एवढंच विचारलं.

ते मी आता, साठी उलटल्यावर, मराठीत आणतेय.
करावे गावात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून मिठागर दिसायचं तिथून आता शेजाऱ्यांची मोरी दिसते,
हात लांबवला तर त्यांचा साबण घेता येईल.

युडोरा अक्षरं शिकली साखरेच्या पिंपांवरून:
कंपनी, बंदर, वजन.
स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी आलं,
कारण ते कुठल्याच पिंपावर नव्हतं.
माझी आई गोणीवरचा मीठवाल्या शेठचा शिक्का ओळखायची.
सिडकोच्या कागदावर सही करायची वेळ आली
तेव्हा तिनं तोच काढला, नीट, वेळ घेऊन.
साहेब म्हणाला, ही सही नाही.
अंगठा घेतला.

युडोराचं पहिलं पुस्तक भावाच्या नावानं निघालं.
दुसरं, ‘एक गृहस्थ’.
तिसऱ्याच्या वेळी तिनं छापखान्यात सांगितलं,
गृहस्थ वारले.

धोबिणींना मजुरी काकवीत मिळायची. ती नाण्यांत मिळावी म्हणून
अकरा आठवडे गव्हर्नरच्या बंगल्यातलं एक फडकं कुणी धुतलं नाही.
शेवटी म्हणे तो पडद्याच्या कापडाचा सदरा घालून परेडला गेला.
मला हे खरं वाटत नाही. ठेवलंय पण.

शाळेच्या दाखल्यावरचा बापाच्या नावाचा रकाना
ती शाईनं काळा करायची. सगळ्यांचाच, बाप असो नसो.
नोकरी गेली. मग शाळा नीरफणसाखाली भरली.
(हा शब्द शोधावा लागला नाही,
रेवदंड्याच्या मावशीच्या परसात तो उभा आहे,
आम्ही काप तळून खातो.)

अडले ते यार्डवर.
तिची सगळी माणसं यार्डात राहतात. सात खोल्या, एक नळ,
दुसऱ्यांच्या चादरी, दुसऱ्यांचे नवरे.
अंगण लिहावं तर मागोमाग तुळस येते, रांगोळी येते.
चाळ लिहावं तर जिने.
वाडा? वाड्यात ती फार तर कपडे न्यायला जाईल, मागच्या दारानं.
तीन महिने तो शब्द तसाच राहिला, भातातल्या खड्यासारखा.

काल खाली चांगुणा नि तिची जाऊ नळावरून भांडत होत्या.
चांगुणा ओरडली,
“माजे खल्यान पाय ठेवू नुको!”

खलं.
भात झोडायचं खळं जाऊन पन्नासेक वर्षं झाली,
उरलंय चार फूट सिमेंट, एक स्कूटर, एक निळं पिंप.
ती त्याला अजून खलं म्हणते.
मी एकशेबाराव्या पानावरून उलटी निघाले
आणि जिथे जिथे खडा होता तिथे ते लिहिलं,
चांगुणाच्याच ‘ल’नं.

युडोराची कबर राहिली नाही, जमीन कंपनीची होती.
शेवटच्या वहीत कुणाचे किती शिलिंग देणं आहे त्याची यादी.
सगळ्यात खाली: नळदुरुस्ती, माझा वाटा.

प्रकाशक म्हणतात, खलं म्हणजे काय ते कळत नाही, तळटीप द्या.
मी म्हटलं, येऊन ऐका.
भांडण अजून मिटलेलं नाही.