सव्वीस वेळा

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागच्या गाळ्यात
मला पगार मिळतो तो वस्तू पाडण्याचा.
एकशेबावीस सेंटिमीटर.
उभ्या माणसाच्या काखेतून सुटली
तर जेवढी खाली येईल, तेवढं.
खाली दोन इंची प्लायवूड,
त्याखाली काँक्रीट,
त्याखाली बडोदं.

सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे.
हूक सुटतो: खट्.
मी लॅपटॉप सरळ करतो, बटण दाबतो
आणि वाट बघतो.
ओरखडा म्हणजे नापास नव्हे. पोचा म्हणजे नापास नव्हे.
झाकणाचा टवका उडाला तरी लिहायचं एवढंच:
सुरू झाला.

नवी आलेली ऋजुता आंग्रे
पहिला आठवडाभर प्रत्येक खट्ला डोळे मिटायची.
कागदावरचं मोठ्यानं वाचायची, आयपी पासष्ट.
म्हटलं, पासष्ट नाही गं, हा काय टोमॅटोचा भाव आहे?
सहा आणि पाच.
धुळीला सहा, पाण्याला पाच.
धुळीची पेटी दाखवली तिला:
काचेमागे आठ तास टाल्कम भिरभिरत असतं,
न्हाऊ घातलेल्या बाळाची पावडर,
फक्त वास काढून घेतलेली.
मग थंडीची पेटी, उणे एकोणतीस.
दार उघडलं की चष्म्यावर धुकं बसतं,
मे महिन्यात,
बाहेर डांबर वितळत असताना.

"हे सगळं एकालाच?"
नाही. नियम तसा दयाळू आहे.
सव्वीस पडणी पाच नगांत वाटून घेता येतात.
कुणी पाच वेळा पडायचं, कुणी सहा,
आणि पास व्हायचं सगळ्यांनी मिळून.
ती पट्टीनं टेबलाची कड मोजत राहिली.
मग म्हणाली, "आमच्या घरी अशी वाटणी झाली नाही.
सगळी आईकडे गेली."
मी पुढचं विचारलं नाही.
सुसेन सर्कलला स्कूटरवरून पडल्यापासून
माझा गुडघा जिना चढताना बोलतो.
त्याचाही कुठे रकाना नाही.

गुरुवारी तिसरा नग.
डावा खालचा कोपरा, पडणं सतरावं.
पडदा काळा.
दाबलं. धरून ठेवून दाबलं. बॅटरी काढून घातली.
कंपनीचे मेहुलभाई घाम पुसत म्हणाले,
"अजून एकदा दाबून बघा ने, साहेब."
बघितलं. त्यांच्यासाठी दोनदा.
मग नापास लिहिलं, सही केली,
शिक्का मारला. तो जरा तिरका बसला.
मेहुलभाई लिफाफा घेऊन गेले,
चहा तसाच ठेवून.

शनिवारी खोक्यात भरण्याआधी
ऋजुतानं सहज बटण दाबलं.
पंखा फिरला.
पडद्यावर आधी एक रेघ आली,
मग सगळंच.
खालच्या कोपऱ्यात वेळ होती: बारा वाजून दहा.
मी मनगटावर बघितलं.
बारा दहा.
दोन दिवस खोक्याशेजारी काळा पडून
तो एक मिनिटही चुकला नव्हता.

फॉर्मवर तीन रकाने असतात:
पास, नापास, शेरा.
शेऱ्याला जागा दोन बोटं,
आणि आमच्याकडच्या प्रतीत तिथेच शिक्का.
"आता?" ती म्हणाली.
मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.
तिनं झाकण लावलं,
ज्याला सतरा वेळा पाडलं त्याचं झाकण,
दोन्ही हातांनी, आवाज न होऊ देता.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सेव-उसळ खायला गेलो.
गाडीवाला नवा होता. तर्री ओतताना त्यानं विचारलं,
तुमच्याकडे काय बनतं?
काही नाही, म्हटलं, पाडतो.
त्यानं वर न बघता
कांदा जास्त घातला.