तुरळक ठिकाणी

शनिवार, रविवार. आकाश अंशतः ढगाळ,
तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वळीव.
इतकंच आलंय वरून.

सात्ताप्पा फोनवर विचारतो,
"तुरळक म्हंजे कुठं? सुभाषनगरात का?
चामडं घातलंय वाळत."
मी म्हणतो, गल्लीचं नाव देत नाहीत ते.
"मग बिनपत्त्याचं पत्रच की हे."

दुपारी जोतिबाच्या डोंगरामागं
गुलालात शाई कालवावी तसं काहीतरी फुगत गेलं.
रंकाळ्यावर भेळवाल्यांनी ताडपत्र्या ओढल्या
आणि पडला नाही.
पडत नाही म्हणून सोडल्या,
तेव्हा पडला.
आधी बोराएवढे थेंब, मग गारा,
तेही अर्ध्याच रस्त्यावर.
पलीकडं एक पोरगं कोरडं ठणठणीत
बर्फाचा गोळा चोखत बघत होतं आम्हाला.

रविवारी सकाळी साडेआठला
मी कसबा बावड्यात पर्जन्यमापक उघडतो.
चप्पल अजून पचपचते आहे,
खिशातल्या नोटा एकमेकींना चिकटलेल्या.
नरसाळ्यात कडुनिंबाची फुलं, एक मुंगळा.
पाणी नाही.

नोंदवहीत लिहितो: निरंक.
खोटं नाही लिहीत. इथं नव्हताच तो.

पुन्हा सात्ताप्पा.
"तुझं ते तुरळक ठिकाण घावलं रं,
माझ्या अंगणात आल्तं."
मागं त्याची बायको हसतेय
की चामडं झटकतेय, कळत नाही.
आज संध्याकाळचंही तसंच आहे, मी सांगतो.
"तसंच म्हंजे?"
अंशतः.