चौदावा रकाना

तीन कंपन्यांची तीन पत्रकं
जेवणाच्या टेबलावर. पंख्यानं उडू नयेत म्हणून
वर ठेवलाय माझा जुना मायक्रोमीटर.
उद्यमनगरात एकेचाळीस वर्षं लेथवर उभा होतो,
केसाएवढा फरक पडला तरी माल परत यायचा.
आता भिंगातून वाचतोय
तळाची मुंगीएवढी अक्षरं.

पहिलीचा हप्ता कमी, पण खोलीभाड्याला मर्यादा.
खोली जरा महाग घेतली
की डॉक्टर, भूल, टाके, सगळंच त्या मापानं कापणार.
दुसरीत प्रत्येक बिलातले वीस टक्के आपले.
तिसरी सगळं देते म्हणते,
फक्त हप्ता असा, की तो भरल्यावर
आजारी पडायची ऐपत उरणार नाही.
आणि तिन्हींत गुडघ्यांना तीन वर्षं थांबायचंय.
शालन कोथिंबीर चिरता चिरता म्हणाली,
"मग सांगा की गुडघ्यांना, दम काढा म्हणावं."

नाशिकहून सुचेताचा फोन :
राजारामपुरीतलं हॉस्पिटल यादीत आहे का बघा, बाबा,
नुसती पुण्या-मुंबईची नावं नकोत.
बघितलं. होतं.
लिफ्ट चालू असते का, ते यादीत नव्हतं.

संध्याकाळी तौफिक मुल्लाणी आला.
याच्या बापाला मी ड्रिल धरायला शिकवलेलं.
त्यानं फॉर्म उघडला. नाव, वय, वजन, रक्तदाब.
चौदावा रकाना : याआधीचे आजार.
"काही नाही," शालन म्हणाली, जरा घाईनंच.
"गुडघे तेवढे लिही."

रात्री भांडी पालथी घालताना म्हणाली,
"त्या रकान्यात एक राहिलंय.
सत्त्याऐंशी साली मला टीबी झालेला.
नऊ महिने गोळ्या. सीपीआरमधनं आणायची.
सासूबाईंना सांगितलं, रक्त वाढायच्या आहेत."
आणि मला?
ती तेच पातेलं पुसत राहिली.
"तुम्हाला सांगितलेलं की. पहिल्याच रात्री.
तुम्ही काही बोलला नाहीत.
म्हटलं, नको असेल बोलायला.
मग मीही परत काढलं नाही."

अडतीस वर्षं.

मी उजव्या कुशीवर झोपतो, उजवा कान उशीत.
वर राहतो तो डावा,
शेजारच्या शेडातल्या प्रेसनं त्याच्याही आधी नेलेला.
नोकरी जाईल म्हणून कुणाला सांगितलं नाही,
मान हलवायची सवय लावून घेतली.
अंधारात ती मान तरी कुणाला दिसणार.

बिडाच्या ओतकामात कधी आत पोकळी राहून जाते.
वरून घासलं की आरसा.
टूल आत शिरलं की मगच आवाज बदलतो,
आणि कारागीर हात थांबवतो.

सकाळी तौफिकला परत बोलावलं.
"काका, इतकं जुनं कोण बघतंय? उगं हप्ता वाढंल."
म्हटलं, लिही. क्षयरोग, सत्त्याऐंशी, पूर्ण बरा.
आणि माझ्या नावापुढं लिही, डावा कान.
शालन तव्यावर भाकरी तशीच ठेवून
बघत राहिली माझ्याकडं.
"कधीपासनं?"
पंच्याऐंशी.
ती वजाबाकी करत असावी.
भाकरी एका बाजूनं करपली.

दुसरी पॉलिसी घेतली. वीस टक्के आपले.
त्यात काही मोठा अर्थ नाही,
तिसरी परवडत नव्हती, इतकंच.

त्या रात्री मी डाव्या कुशीवर झोपलो,
तिच्याकडं तोंड करून.
खांद्याला सवय नव्हती, झोप येईना. तिलाही.
बऱ्याच वेळानं अंधारात म्हणाली,
"गॅस बंद केलाय न्हवं?"

ऐकू आलं.