घड्याळ तपासा

महापेच्या ऑफिसात, माझ्या टेबलावर
हेच पॅकेज अकरा मिनिटांत बांधून झालं होतं.
काडेपेटीएवढा बोर्ड, कडेला दोन दिवे.
हिरवा लागला तसा डाबरे म्हणाला, झालं, जा घेऊन.

आणि इथे, बेलापूरच्या धारण तलावाशी, पंपघरात,
तोच बोर्ड, तीच केबल,
तीच आज्ञा, अक्षर न अक्षर,
आणि नकार.

आधी संशय घेतला लायब्ररीवर. बदलली.
मग कंपायलर. एक आवृत्ती मागे जाऊन पाहिलं, एक पुढे.
लग्नघरातल्या रुसलेल्या मामांसारखे
दोघेही जागचे हलले नाहीत.
जागा कमी पडत असेल म्हणून निम्म्या फाइली पुसल्या,
त्यांत तीन दिवसांची माझी टिपणंही गेली.

पंपघरात ग्रीसचा वास. भिंतीवर खडूनं भरती-ओहोटीचं कोष्टक.
हासूराम भोईर उलट्या बादलीवर बसून
दर तासाला पट्टीवरचं पाणी वहीत उतरवतात.
माझ्या यंत्राला जमलं तर ही वही बंद होणार,
हे त्यांना माहीत आहे.
तरी चहा आधी माझ्यासमोर ठेवतात.

चूक शेवटच्या ओळीत ओरडते,
पण घडलेली असते तीनेकशे ओळी वर, हळू आवाजात.
हे मी नव्या पोरांना शिकवते. स्वतः मात्र
चार दिवस तळच वाचत बसले होते.
आज वर गेले, अगदी वर,
तर तिथे साध्या वाक्यात लिहिलेलं:
नुकतीच तयार झालेली फाईल मूळ फाइलींहून जुनी आहे.
घड्याळ तपासा.

मी बोर्डाला तारीख विचारली.
गुरुवार, एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर,
पहाटेचे पाच वाजून एकेचाळीस मिनिटं.

बोर्डावर नाण्याएवढ्या सेलची जागा आहे, रिकामी.
खरेदी विभागानं नगामागे सतरा रुपये वाचवले होते.
ऑफिसात त्याला नेटवर्क वेळ सांगायचं,
इथे सांगणारं कुणी नाही.
वीज गेली की तो पुन्हा त्याच पहाटे डोळे उघडतो
आणि हातातलं सगळं काम त्याला
अजून न घडलेलं दिसतं.

"कितवा साल म्हनतंय?" हासूरामनी विचारलं.
सत्तर.
ते इतके हसले की बादली सरकली.
"सत्तर! तवा हय आमचा आगर व्हता. मिठाचा.
बापूस याच येळेला फळी घेऊन उतरायचा,
पायाला भेगा, भेगांत खार."
मग बोर्डाकडे वाकून, एखाद्या चुकलेल्या पोराला विचारावं तसं,
"भरती कवाची दावतंस रं?"

सेक्टर पंधराच्या घड्याळवाल्याकडे सेल मिळाला, पस्तीस रुपये.
तो म्हणाला, मॅडम, घड्याळ कुठंय?
मी म्हटलं, तलावावर.

खाचेसाठी दोन टाके मारले, दुसरा जरा ओबडधोबड.
वेळ घातली हासूरामांच्या मनगटावरून,
त्यांचं घड्याळ चार मिनिटं पुढे, मग ती चार वजा करून.
एकोणीस मिनिटं लागली.
एक इशारा राहिला, न वापरलेल्या कुठल्याशा चलाबद्दल,
तो राहू दिला.
हिरवा दिवा.

पडद्यावर पहिला आकडा: एक मीटर ब्याऐंशी.
हासूरामनी वहीवर बोट ठेवलं.
एक ब्याऐंशी.
थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

"बरोबर हाय," ते म्हणाले. वही मिटली नाही त्यांनी.
"पन खाडीकडचा झापडी गेट दिवालीपासना अडकलाय.
पानी किती हाय ते कळंल आता.
जानार कुठून?"

मी बॅग उघडून पाहिली.
सोल्डरिंग गन, अजून कोमट.
दोन बारीक स्क्रू-ड्रायव्हर.
पाकिटात उरलेला एक सेल.