वाटेला नाव

येऊरच्या गेटापाशी रिक्षा सोडली तेव्हा सात वाजले होते.
माझ्याकडे पिवळा ऑइलपेंट अर्धा लिटर, काळा पाव,
टर्पेंटाइन, सहा नंबरचे दोन कुंचले
आणि सुतळीनं बांधलेल्या अकरा पत्र्याच्या पाट्या.

फ्लेक्स आल्यापासून खारकर आळीतल्या माझ्या दुकानात
रंगवलेली एकच पाटी उरली होती,
दुकानाची.
पण फ्लेक्स, वनरक्षक गावितबाई म्हणाल्या,
दोन पावसाळ्यांत पांढरा पडतो,
शिवाय माकडं फाडून पांघरतात.
म्हणून मी.

शिक्क्याचा कागद होता त्यांच्याकडे:
पायवाट एक, पायवाट दोन, अंतर, बाणाची बाजू.
तिसरीपुढचा रकाना कोरा.
“स्थानिक नाव विचारून घाला.”

चढत गेलो. ऐनाच्या खोडांवर सुसरीची पाठ,
कांडोळ मधूनच उघडाबोडका, पांढराफटक,
जणू कुणी प्रायमर मारून विसरून गेलंय.
भृंगराजानं आधी गरुडाची शीळ घातली,
मग कुठल्याशा गाडीच्या रिव्हर्सची.
खाली झाडांच्या फटीतून घोडबंदर रोडचे टॉवर,
त्यांतल्या दोघांची नावं मीच लिहिली होती कधीकाळी,
टेकडीवरून ती वाचता येत नव्हती.

खिंडीत जमनी वरठा भेटली, डोक्यावर मोळी.
गावितबाईंनी मोळीकडे पाहिलं नाही,
बराच वेळ मोबाइल पाहिला,
जिथं रेंज नव्हती.

मी विचारलं, ह्या वाटेला काय नाव ठेवलंय तुम्ही?

तिनं मोळी दगडाला टेकवली.
“नाव कशाला ठेवायचं?
काय वाईट केलंय तिनं?”

मग आपणहूनच बोलत राहिली, पदरानं मान पुसत.
वरचा फाटा मोहाला जातो.
खालच्यानं जाऊ नको, तिथं वाघ्याचा दगड आहे,
जायचंच तर सांगून जा.
हितूनच सासूला झोळीत घालून नेली कळव्याच्या दवाखान्यात,
सगळे म्हणाले गेली,
आणि ह्याच वाटेनं ती आपल्या पायांनी चालत आली,
वर आल्यावर म्हणते, भूक लागली.
“आणि पावसात ही वाट नसते.
ओढा असतो.”

पाटीवर चौदा अक्षरं मावतात.
मी वितेनं मोजून पाहिलं, पुन्हा मोजलं.
शेवटी लिहिलं: पायवाट ३, १.८ कि.मी.
आणि बाण. बाण माझा चांगला येतो.
एका प्रसूतिगृहासाठी काढलेल्या माझ्या बाणावर
नौपाड्यातली निम्मी माणसं डावीकडे वळलेली आहेत.
गावितबाई म्हणाल्या, छान.
जमनी म्हणाली, पिवळा दिसतो लांबून.
तिला वाचता येत नव्हतं, की
वाचायची गरज नव्हती, मी विचारलं नाही.

पुढच्या कार्तिकात पुन्हा बोलावणं आलं.
गावितबाईंची बदली झाली होती, डहाणूला म्हणे.
तीन नंबरपाशी बोंडारा आडवा पडलेला, मुळांसकट,
आणि माझा बाण सरळ त्याच्या बुंध्यात घुसलेला.
पत्र्याच्या कडेला कुण्या सांबरानं शिंग घासलं होतं,
अंतरातला ८ त्यात गेला.
वाट मात्र थांबली नव्हती.
मुळांना वळसा घालून, करवंदीच्या जाळीला जरा मागे सारून,
एका पावलाच्या रुंदीची,
टाचांनी गुळगुळीत झालेली,
पलीकडे जुन्या स्वतःला मिळाली होती.
कुणी मंजुरी घेतलेली दिसली नाही.

डबा उघडला, साय ढवळली.
८ भरला. बाणाला कोपर दिलं.
नवा वनरक्षक म्हणाला, झालं ना काका?
थांब, म्हटलं.
खाली दोन बोटं जागा शिल्लक होती.
कुंचला टर्पेंटाइनमध्ये पिळून, टोक काढून,
मी काळ्यानं बारीक लिहिलं:
पावसात ओढा.

त्यानं कागद पाहिला. कागदात नव्हतं ते.
“हे कुणी सांगितलं?”
रंग ओला होता. मी फुंकर घालत होतो.